बायकांचं जरा कमीच असतं

माझ्याविरुद्धची तक्रार मीच दाखल करून घेतली. तिच्यावर शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला आणि तक्रारदाराच्या हातात पोच दिली. दुसरा इलाजच नव्हता. आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींची खिडकी एकच, आणि त्या खिडकीच्या आत मी.

तक्रारीत म्हटलं होतं, 'मी मीटरविषयी सांगत असताना माझे वाक्य पूर्ण होण्याच्या आत सदर बाईंनी खिडकी लावून घेतली व त्या टेबलावर डोके ठेवून बसल्या.' यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त ते वाक्य किती लांब होतं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. त्या गृहस्थांनी वडिलांनी घेतलेल्या नळजोडणीपासून सुरुवात केली होती आणि ते जेमतेम स्वतःच्या लग्नापर्यंत पोचले होते. एकीकडे माझं डोकं असं जड झालं, की ते मानेवर तोलून धरणं हेच एक स्वतंत्र काम होऊन बसलं. मी खिडकी लावली, डोकं खाली ठेवलं. एवढंच.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही, पण कागदाला भिऊन असतो.

"बाई, माझा तुमच्यावर राग नाही. पण लेखी खुलासा द्यावा लागेल."

"दमले होते, असं लिहू?"

"दमणं चालत नाही हो. दमायला काय, मीसुद्धा दमतो. काहीतरी वैद्यकीय आणा. कागद जोडता आला पाहिजे. नाहीतर तुमच्या सेवापुस्तकात नोंद करावी लागेल, आणि ती करायला मलाच वाईट वाटेल."

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या सेवापुस्तकात रजा आणि वेतनवाढ यांखेरीज एक ओळ नव्हती. आता तिथे 'डोके ठेवून बसल्या' अशी नोंद होणार. म्हणजे आजारी निघाले तर मी निर्दोष आणि धडधाकट निघाले तर कामचुकार. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याला काहीतरी व्हावं असं मला वाटू लागलं. फार मोठं नको. खुलाशाला पुरेल आणि जिवावर बेतणार नाही, असं काहीतरी बेताचं.

दमण्याचं म्हणाल तर ते नवीन नव्हतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. दुसऱ्या मजल्यावर पोचले की मी पर्समध्ये किल्ली शोधत उभी राहायचे. घरात सासूबाई असतात, दाराला कडीसुद्धा नसते. पण किल्ली शोधणाऱ्या बाईला कुणी 'काय झालं' म्हणून विचारत नाही. घरी मी "दमलेय" म्हटलं की नवरा म्हणायचा, "म्हणजे नेमकं काय होतं?" आता दमल्यावर नेमकं काय होतं हे सांगायला जी ताकद लागते, तीच तर नसते. सासूबाई म्हणायच्या, "आम्हाला बाई दमायला सवडच नव्हती." आणि कॉलेजात जाणारी लेक मोबाईलमधून मान वर न काढता सांगायची, "आई, तू मोबाईल कमी बघ."

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत चिठ्ठी लिहून दिली. सीबीसी. म्हणजे कंप्लीट ब्लड काउंट. "साधी तपासणी आहे," ते म्हणाले. "रक्ताची खानेसुमारी समजा. तांबड्या पेशी किती, पांढऱ्या किती, प्लेटलेट किती, हिमोग्लोबिन किती. रिपोर्ट आला की घेऊन या, मी समजावून सांगतो." त्यांनी हे वाक्य उच्चारलं आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दारावर पाटी लागली: 'डॉक्टर आजारी असल्यामुळे दवाखाना बंद आहे.' पुढचं सगळं रामायण त्या पाटीमुळे घडलं, असं माझं मत आहे.

सासूबाईंनी जाहीर केलं, की रक्त द्यायचं म्हणजे उपाशीपोटी. मी चहासुद्धा न घेता प्रयोगशाळेच्या शाखेत गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "याला उपाशी लागत नाही, मॅडम. खाऊन आलात तरी चालतं." हे ऐकून मला जे वाटलं ते मी गिळलं, तेवढंच काहीतरी पोटात गेलं. मग शीर सापडेना. उजवा हात चापटून झाला, डावा चापटून झाला, मूठ आवळा, मूठ सोडा. शेवटी डाव्या हातातून रक्त आलं, तेही अगदी सावकाश, आमच्या भागातल्या दुपारच्या नळासारखं. जांभळ्या टोपणाची एक इवली नळी भरायला एवढा वेळ लागला, की मागे थांबलेले आजोबा मला धीर देऊ लागले.

रिपोर्ट संध्याकाळी नवऱ्याच्या मोबाईलवर आला, कारण आमच्या घरात सगळीकडे त्याचाच नंबर दिलेला असतो. तो सोफ्यावर बसून मोठ्याने वाचायला लागला.

"हिमोग्लोबिन आठ पॉइंट एक. बाण खाली. अगं, बायकांचं जरा कमीच असतं. एमसीव्ही सहासष्ट. हेही खाली. हे काय असतं? असेल काहीतरी. पांढऱ्या पेशी... ठीक. न्यूट्रोफिल ठीक, लिम्फोसाइट ठीक, इओसिनोफिल..." आणि तो थांबला. त्याचा चेहरा बदलला. "प्लेटलेट एक्केचाळीस हजार."

"किती हव्यात?"

"दीड लाखाच्या वर." तो उठून उभा राहिला. "लाल अक्षरांत आहे. खाली रेघ पण मारलीय."

तो घाबरला हे मी त्याच्या बाजूने सांगते. घाबरून त्याने तो रिपोर्ट माझ्या नणंदेच्या यजमानांना पाठवला, कारण त्यांचे कोणीतरी ओळखीचे डॉक्टर आहेत. निदान पाठवला असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात तो आमच्या इमारतीच्या ग्रुपवर गेला. पाण्याची टाकी धुण्याविषयीच्या सूचनेच्या खाली माझं रक्त, सगळ्या घटकांसकट, अठ्ठावीस बिऱ्हाडांना वाचायला मिळालं.

पहिली बेल खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वाजवली. हातात सहा किवी. "याने प्लेटलेट वाढतात," त्या म्हणाल्या. "माझ्या जावेच्या रातोरात वाढल्या होत्या." त्यानंतर जो आला तो किवी घेऊन आला. केसाळ, आंबट, आतून हिरवीगार फळं. ताटात मावेनात म्हणून सासूबाईंनी ती बादलीत ठेवली. जन्मात कधी किवी विकत न घेतलेल्या माणसांना ती एवढ्यात कुठे मिळाली, हे मला अजून कळलेलं नाही.

मग इमारतीचे सेक्रेटरी आले. निवृत्त झाल्यापासून हे गृहस्थ एखाद्या संकटाच्या शोधातच असतात. त्यांनी मोबाईलमध्ये रिपोर्ट उघडला, चष्मा कपाळावर चढवला आणि पहिल्या ओळीपासून तपासणी सुरू केली.

"हिमोग्लोबिन आठ. हं. ते बायकांचं कमीच असतं, त्याचं विशेष नाही. खरा प्रश्न प्लेटलेटचा. वहिनी, तुमचा रक्तगट कोणता?"

"बी पॉझिटिव्ह."

"झालं. दाते उभे करतो."

वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर तोपर्यंत खुर्ची ओढून बसले होते. त्यांनी मला प्लेटलेट समजावून सांगितल्या. "असं बघा वहिनी, तुमची रक्तवाहिनी म्हणजे पाइप. पाइपला चीर गेली की प्लेटलेट धावत जाऊन ती बुजवतात. तुमच्याकडे बुजवणारेच नाहीत. म्हणजे चीर गेली की गळती सुरू." पाणीपुरवठ्याच्या बाईला गळती समजावून सांगताना त्यांना काही वाटलं नाही. मला हिमोग्लोबिनविषयी विचारायचं होतं, कारण पहिलीच ओळ तिची होती. ते म्हणाले, "ते प्राणवायू वाहून नेतं. तांबड्या पेशींत असतं. पण तो आत्ताचा विषय नाही."

विषय माझा होता, पण आत्ताचा कोणता हे ठरवायचा अधिकार माझ्याकडे राहिला नव्हता.

गळती लागू नये म्हणून सासूबाईंनी घरातल्या सुऱ्या, कात्र्या, विळी, इतकंच काय माझा दात घासायचा ब्रशसुद्धा कपाटात कुलूपबंद केला. "चिरायचं काही नाही हं," त्यांनी बजावलं. "धारदार वस्तूला हात लावायचा नाही." चिरण्याखेरीज बाकीचं सगळं करायची मात्र मला मुभा होती. दाते जमायला लागले तशी मी चहा टाकला. हॉलमध्ये नऊ दाते. त्यातल्या चौघांना स्वतःचा रक्तगट माहीत नव्हता, दोघांचा जुळत नव्हता, आणि एक जण रक्तदानाला नव्हे तर त्याच्या पार्किंगच्या भांडणाबद्दल सेक्रेटरींना गाठायला आला होता. माझ्यासाठी रक्त द्यायला जमलेल्या माणसांना मी उभी राहून चहा देत होते. कप कमी पडले, तेव्हा मधेच धुवून पुन्हा दिले. एका दात्याने साखर कमी आहे म्हणून सांगितलं. मी त्याला साखर आणून दिली. त्या वेळी मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, हे आता लिहिताना वावगं वाटतंय.

लेक आतून आली, हॉलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, पेशंट कोण आहे?"

"मी."

"मग बस ना."

"कुठे?" मी विचारलं. खरंच एकही खुर्ची रिकामी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांना फोन करून रजा मागितली. "घ्या, घ्या," ते म्हणाले. "प्रकृती महत्त्वाची. फक्त खुलाशाची मुदत उद्या संपते." मग आमची मिरवणूक निघाली. एका गाडीत मी, नवरा, सासूबाई आणि किवीची पिशवी. मागच्या गाडीत सेक्रेटरी, इंजिनिअर आणि दोन दाते. बाकीच्या दात्यांना ऑफिसं होती. पण 'लागलं तर फोन करा' असं प्रत्येकाने अगदी मनापासून सांगितलं.

आधी इस्पितळात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "हिरड्यांतून रक्त? नाकातून? अंगावर निळे डाग?" माझ्या गुडघ्याच्या खाली एक निळा डाग होता. सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला. "तो कशाचा?" डॉक्टरने विचारलं. "आमच्या फाइलींच्या कपाटाचा खालचा खण बाहेर येतो," मी म्हणाले. "त्याची तक्रारही मी दिलेली आहे. माझ्याकडेच." डॉक्टरने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि सांगितलं, की रक्तस्रावाचं लक्षण दिसत नाही, आधी प्रयोगशाळेच्या मुख्य जागी जाऊन आकडा पुन्हा तपासून घ्या.

मुख्य प्रयोगशाळेत सेक्रेटरींनी काउंटरवर हात आपटून "इमर्जन्सी आहे" असं सांगितलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "चिठ्ठी?" चिठ्ठी कालच्या तपासणीची होती. नव्या तपासणीला नवी चिठ्ठी हवी. ती देणारे डॉक्टर स्वतः आजारी. इंजिनिअर तावातावाने बोलू लागले, सासूबाई रडू लागल्या, आणि मला मात्र त्या काउंटरवरच्या माणसाची दया आली. मी पण दिवसभर असंच 'आधी अर्ज भरा' म्हणत असते. मी त्याला हळूच म्हटलं, "तुमची चूक नाही. पण आत कुणाला तरी विचाराल का?"

आतून एक डॉक्टरबाई आल्या. पन्नाशीच्या, केस मागे घट्ट बांधलेले, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. त्यांनी गर्दीकडे पाहिलं आणि विचारलं, "यातलं रक्त कुणाचं?"

मी हात वर केला.

त्यांनी शाखेतून कालची नळी मागवून घेतली आणि माझं रक्त नव्यानेही घेतलं. या वेळी दोन नळ्या: एक जांभळ्या टोपणाची, एक निळ्या. मग आम्ही बाकांवर बसून राहिलो. दात्यांपैकी एकाला आठवलं की त्याच्याकडे प्लंबर यायचा आहे. दुसरा त्याला सोडायला म्हणून गेला तो परत आला नाही. नवरा माझ्या शेजारी बसून माझा हात धरत होता आणि सोडत होता. "काही होणार नाही," तो दर थोड्या वेळाने म्हणायचा, आणि ते मला की स्वतःला, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

डॉक्टरबाईंनी आम्हाला दोघांनाच आत बोलावलं. पण सेक्रेटरी, इंजिनिअर आणि सासूबाई मागोमाग आलेच.

"तुमच्या प्लेटलेट दोन लाख चाळीस हजार आहेत," त्या म्हणाल्या. "उत्तम आहेत."

"एका रात्रीत?" सेक्रेटरींचा आवाज चिरकला.

"किवी!" सासूबाई म्हणाल्या.

"किवीचा काही संबंध नाही. कालही तेवढ्याच होत्या. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून एक औषध असतं. काही थोड्या लोकांच्या प्लेटलेट त्या औषधात एकमेकींना चिकटतात. घोळका झाला की यंत्र त्यांना प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की दिसतं. आमच्या शाखेने बघायला हवं होतं. रिपोर्ट तसाच सोडला, ही चूक आमची. निळ्या नळीत औषध वेगळं असतं, तिच्यात नीट मोजल्या गेल्या."

तर यंत्राने चुकीचं मोजलं होतं. माझी नोकरीची सगळी वर्षं मी खिडकीतून लोकांना एकच गोष्ट सांगत आलेय: मीटर चुकत नाही, तुमचंच पाणी कुठेतरी जातंय. त्या क्षणी मला त्या सगळ्यांचे चेहरे आठवले, आणि ती आठवण काही सुखाची नव्हती.

सेक्रेटरी नाराज झाले. ते तसं बोलले नाहीत, पण माणूस जमवाजमव करून बसतो आणि संकट ऐनवेळी माघार घेतं, तेव्हा होतं तसं त्यांच्या तोंडाचं झालं. "म्हणजे काहीच नाही तर," ते उठत म्हणाले.

'काहीच नाही' ऐकून मला साहेब आठवले. खुलाशाला आता काय जोडायचं?

"बसा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काहीच नाही असं कोण म्हणालं?" त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे वळवला आणि पेन पहिल्या ओळीवर टेकवलं. "हे कधीपासून आहे?"

"हिमोग्लोबिन?" नवरा म्हणाला. "ते बायकांचं जरा कमीच असतं ना?"

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "बायकांसाठी मर्यादा वेगळीच छापलेली असते. ही बघा. ती बारापासून सुरू होते. बायकांचं कमी असतं हे धरूनच बारा. यांचं आठ आहे." त्यांचं पेन खाली सरकलं. "आणि हे एमसीव्ही. तांबडी पेशी सरासरी केवढी मोठी, ते यावरून कळतं. ऐंशीच्या वर पाहिजे, यांचं सहासष्ट. काचपट्टीवर पेशी लहान आणि फिकट दिसतात. लोह कमी पडलं की बहुतेक अशाच दिसतात. हे दोन दिवसांत होत नाही. महिनोन् महिने चाललेलं असणार." मग त्या माझ्याशी बोलू लागल्या, बाकी खोलीत कुणी नसल्यासारख्या. "जिना चढताना धाप लागते?"

"दुसऱ्या मजल्यावर थांबते."

"छातीत धडधडतं? डोकं जड होतं? पाळीत फार जातं?"

मी तिन्हीला मान डोलावली. सेक्रेटरी आणि इंजिनिअर यांना शेवटच्या प्रश्नानंतर एकदम बाहेरची हवा हवीशी वाटली.

"प्राणवायू पोचवणारंच कमी आहे, मग शरीर दमणार नाही तर काय करेल? लोहाची पातळी तपासून घ्या, आणि ते कुठे जातंय तेही शोधायला हवं. तुमच्या डॉक्टरांना फोन करते मी. ते गोळ्या सुरू करतील. पण लगेच बरं वाटेल असं समजू नका, वेळ लागतो. आणि तोवर," त्या नवऱ्याकडे वळल्या, "यांना काम कमी."

परतताना नवरा गाडी चालवत होता. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा समोर बघतच म्हणाला, "दुसऱ्या मजल्यावर तू किल्ली शोधत असायचीस."

"हं."

"मी म्हणायचो, पर्स आवरून ठेव."

"हं."

मागच्या सीटवर सासूबाईंनी किवीच्या पिशवीचं तोंड उगाच उघडलं आणि पुन्हा बांधलं. मग त्या म्हणाल्या, "मलाही तसं व्हायचं हो. धाप लागायची. आम्हाला वाटायचं, असंच असतं." नवऱ्याने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

आमच्या डॉक्टरांनी अंथरुणावरूनच प्रमाणपत्र लिहून दिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि हळहळले, "फक्त हिमोग्लोबिन होय? मला वाटलं होतं, प्लेटलेटचं काही असेल. ते जरा वजनदार दिसलं असतं." पण खुलासा मान्य झाला. सेवापुस्तकाला डाग लागला नाही. तक्रारदाराला तसं कळवणारं पत्र मीच टाइप केलं आणि मीच पाठवलं.

गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी तोंडाची चव जाते आणि पोट बिघडतं, त्याचं वर्णन मी करत नाही. इमारतीत मात्र नवीनच साथ आली. माझं बघून सगळ्यांनी आपापली रक्तं तपासून घेतली आणि माझा अभ्यास झालाय अशा समजुतीने एकेक जण रिपोर्ट घेऊन माझ्याकडे येऊ लागला. मला सूक्ष्मदर्शकाची बाई समजणारी ही माणसं, चार दिवसांपूर्वी मला पाइप समजावून सांगत होती. मीही वाचून सांगायचे. न्यूट्रोफिल म्हणजे काय, लिम्फोसाइट म्हणजे काय, बेसोफिल एकच टक्का असला तरी घाबरायचं नाही. 'नाही' म्हणायलाही रक्त लागतं.

रविवारी दुपारी मी आतल्या खोलीत आडवी झाले होते. बेल वाजली. मी उठायला कोपर टेकवलं, तोवर नवरा दाराशी पोचला होता. इंजिनिअर होते.

"वहिनी आहेत का? माझं इओसिनोफिल जरा वर आलंय, दाखवायचं होतं."

"ती झोपलीये."

"आत्ता? पाच वाजले. का, काय झालंय?"

'काही नाही, येईल उठून' हे वाक्य आता येणार म्हणून मी वाट बघत राहिले.

"दमलीये," नवरा म्हणाला.

"अहो, पण झालंय काय?"

"दमलीये. तेच झालंय." आणि त्याने दार लावून घेतलं.

मी काही झोपले नव्हते. पण तो खोटा पडू नये म्हणून टेकवलेलं कोपर काढून घेतलं, भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. बाहेर सासूबाई त्याला हळू आवाजात सांगत होत्या, पंखा जरा वाढव तिचा.